पिकअप तीनवर चालतेय: मिसिंग शोधायचं कसं, काढायचं कसं

गेल्या जुलैतली गोष्ट. कल्याणहून किराणा भरून ओतूरला परतत होतो. माळशेजचा चढ, धो धो पाऊस, दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि गाडी धक्के खात कशीबशी चढतेय. मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा आधी लुकलुकला, घाटमाथ्यावर आल्यावर नुसता लागून राहिला. सपाटीला गाडी पुन्हा ठीक. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दाखवली. ‘इंजेक्टरचं काम आहे’ असं निदान झालं, चारही इंजेक्टर (सिलिंडरसाठी इंधन फवारणारे भाग) साफ झाले, एक नवा पडला. आठ दिवसांनी त्याच वळणावर तेच धक्के. मग एका रविवारी सीट उचलून स्वतःच क्रमाने तपासत गेलो आणि दोष सापडला तो कॉइलच्या (प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या भागाच्या) बोटाएवढ्या रबरी नळीत. त्या नळीकडे पुढे येतो.

त्या दिवसापासून एक नियम मी पाळतो: मिसिंग (म्हणजे सिलिंडर पेटायचा राहणं) कुठल्या सिलिंडरला आहे आणि कुठल्या परिस्थितीत होतं, हे कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. खाली लिहिलंय ते पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणाऱ्या चार सिलिंडरच्या पिकअपला धरून. डिझेलचं वेगळं आहे, ते शेवटाकडे.

मिसिंग म्हणजे काय होतं

स्लोला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) असेल तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. त्यातला एक पेटायचा राहिला की गाडी तीनवर चालते, केबिन थरथरते, सायलेन्सरचा आवाज एकसारखा न येता मध्येच ‘फट्’ असा तुटतो. पेटायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, हवा-इंधनाचं योग्य मिश्रण आणि दाब म्हणजे कॉम्प्रेशन. या तिघांतलं काय कमी पडतंय एवढंच शोधायचं असतं. शोधताना सोप्या आणि फुकट तपासण्या आधी, इंजिन उघडायच्या तपासण्या शेवटी.

दिव्याकडे मात्र लगेच लक्ष द्या. दिवा नुसता लागून राहिला असेल तर गाडी सावकाश घरी आणता येते. लुकलुकत असेल तर न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या बाजूला जातंय आणि तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जळतंय. त्याची आतली जाळी सिरॅमिकची असते, ती वितळली की एक्झॉस्ट तुंबतो आणि गाडीची ताकदच जाते. शे-दीडशेच्या स्पार्क प्लगपायी हजारोंचा कन्व्हर्टर घालवू नका. पाय सोडा, गिअर खाली घ्या, बाजूला थांबा. मी त्या दिवशी माथ्यापर्यंत रेटत नेली, हे चुकलंच.

हात लावण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

कधी होतं? हा प्रश्न स्कॅनरइतकाच (गाडीतले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्राइतकाच) उपयोगी आहे. कागदावर लिहून काढा.

फक्त सीएनजीवर होतं आणि पेट्रोलवर बदललं की थांबतं? मग आधी प्लग आणि कॉइल. सीएनजीचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोर कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि सीएनजीवर, तेही लोडवर, उघडी पडते. त्यानंतर गॅसचा फिल्टर, मग रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅस इंजेक्टर.

फक्त पेट्रोलवर होतं? काही पिकअपना पेट्रोलची टाकी जेमतेम पाच लिटरची असते आणि त्यात तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहतं. पेट्रोल इंजेक्टर वापरात नसल्याने चिकटतात. ताजं पेट्रोल भरून दोन-तीन दिवस मुद्दाम पेट्रोलवर चालवली तर बरेचदा सुटतात. एरवीही आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवावं.

दोन्हींवर होतं? मग प्लग, कॉइल, हवेची गळती किंवा कॉम्प्रेशन.

पावसात किंवा गाडी धुतल्यावरच होतं? करंट बाहेर उडतोय. फक्त स्लोला होतं आणि रेस दिली की गुळगुळीत? हवा कुठून तरी आत घुसतेय, किंवा व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) नीट बसत नाही. फक्त चढाला, लोडवर? ठिणगी कमजोर किंवा इंधन कमी पडतंय. खड्ड्यातून गेल्यावर होतं? वायर किंवा कनेक्टर ढिला. कांद्याच्या चाळीशेजारी किंवा गोदामाजवळ गाडी उभी करत असाल तर वायरिंगवर उंदरांचे दात उमटलेत का हेही पाहून घ्या.

माझं उत्तर होतं: पाऊस, चढ, सीएनजी. या तीन शब्दांवरूनच इंजेक्टरआधी ठिणगीकडे पाहायला हवं होतं.

सिलिंडर शोधणं

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचा सॉकेट असतोच. त्यात बसणारं छोटं ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर ऑनलाइन काही शेकड्यांत मिळतं आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपवर दोषाचा कोड वाचता येतो. पिकअप पोटापाण्यासाठी चालवणाऱ्या प्रत्येकाने ते डॅशबोर्डच्या खणात ठेवावं असं माझं ठाम मत आहे.

पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर, पी०३०२ दोन नंबर, असं चारपर्यंत. पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरवर टिकून नाही, फिरतंय. एक नंबर कुठला? बहुधा पट्टा-पुलीच्या बाजूचा. फिरतं मिसिंग असेल तर एखाद्या प्लगच्या मागे लागू नका. सगळ्यांना सामायिक असलेलं काहीतरी शोधा: इंधनाचा दाब, हवेची गळती, भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं पेट्रोल. सोबत पी०१७१ असेल तर मिश्रण पातळ पडतंय, म्हणजे हवा जास्त किंवा इंधन कमी. कोड लिहून घ्या आणि मगच पुसा. न वाचता कोड पुसणं म्हणजे पुरावा मिटवणं.

काही इंजिनांत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते, बहुधा एक-चारला एक आणि दोन-तीनला एक. अशा गाडीत एक आणि चार दोन्ही एकदम मिसिंग दाखवत असतील तर ती सामायिक कॉइल पहिली संशयित.

स्कॅनर नसेल तर जुना मार्ग आहे. इंजिन बंद करा, गाडी पेट्रोलवर ठेवा, एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, इंजिन चालू करा आणि ऐका. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर मेलेला सिलिंडर तोच. बंद करून कनेक्टर परत लावा, पुढचा घ्या. इंजेक्टरचाच काढायचा, चालू इंजिनवर कॉइल उपसायची नाही. कॉइल काढली तर इंधन पडतच राहतं आणि कन्व्हर्टरमध्ये जातं. शिवाय तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात, हात झटकला जाऊन पंख्यात जाऊ शकतो.

थंड इंजिन चालू करून मिनिटभराने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या भागाच्या) प्रत्येक पाइपावर पाण्याचा थेंब टाकण्याची युक्तीही चालते. पेटणाऱ्या सिलिंडरवर थेंब लगेच चर्र करून उडतो, मेलेल्यावर नुसता ओघळतो. नव्या गाड्यांत पाइपांवर पत्रा असतो किंवा मॅनिफोल्ड हेडमध्येच (सिलिंडरांवरच्या झाकणातच) असतं, तिथे हे जमत नाही.

अदलाबदल

समजा कोड पी०३०३ आला. तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरवर लावा, एकची तीनवर. कोड पुसा आणि ज्या परिस्थितीत मिसिंग होतं तशाच परिस्थितीत गाडी चालवा. आता पी०३०१ आला तर दोष कॉइलसोबत सरकला, कॉइल खराब. तीनवरच राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची अदलाबदल. तरीही तीनवरच? मग इंजेक्टर. एका वेळी एकच वस्तू हलवायची. कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम हलवले तर दोष नेमका कशासोबत गेला हे कळत नाही आणि केलेली मेहनत वाया जाते.

या पद्धतीत पैसा लागत नाही, फक्त तास-दोन तास लागतात. गॅरेजमध्ये गर्दी असते, तितका वेळ प्रत्येक गाडीला देणं त्यांना परवडत नाही, हे मी समजू शकतो. म्हणून एवढं काम आपण घरी करून ‘तीन नंबर, कॉइल बदलून पाहिली, फरक नाही’ असं सांगत गाडी नेली तर मिस्त्रीचा वेळ आणि आपले पैसे दोन्ही वाचतात.

प्लग बाहेर काढला की

इंजिन थंड असतानाच काढा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत येऊ शकतात. कॉइलचा कनेक्टर उष्णतेने कडक झालेला असतो. लॉक दाबून हळू ओढा, वायरला धरून हिसका देऊ नका. कॉइल निघाली की प्लगच्या खोबणीत हवेचा फवारा मारून माती उडवून टाका. आपल्याकडच्या रस्त्यांवर त्या खोबणीत वाळू साठते आणि प्लग काढल्यावर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

चारही प्लग काढून क्रमाने एका फडक्यावर मांडा. टोक फिकट तपकिरी, कोरडं असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. ओलं आणि पेट्रोलचा वास म्हणजे इंधन येतंय, ठिणगी नाही. तेलकट काळं म्हणजे आत ऑइल येतंय, व्हॉल्व्ह सील किंवा पिस्टनच्या रिंगा. पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल तर मिश्रण पातळ किंवा इंजिन जास्त तापतंय. चारांतला एकच वेगळा दिसत असेल तर त्याच सिलिंडरवर लक्ष द्या.

आता ती नळी. माझ्या तीन नंबरच्या प्लगचं टोक बाकीच्यांसारखंच होतं. पण वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर, धातूच्या टोपीपासून खाली षटकोनापर्यंत, केसाएवढी काळी रेघ होती. पेन्सिलीने ओढल्यासारखी. नखाने खरवडली, पेट्रोलच्या फडक्याने पुसली, गेली नाही. मग कॉइलची रबरी नळी उलटी करून मोबाइलच्या टॉर्चने आत पाहिलं. तिथेही तशीच रेघ, आणि तिच्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढी राखाडी खूण. करंट प्लगच्या टोकाला न जाता या रेघेवरून बाहेरून हेडला उतरत होता. कोरड्या दिवसांत, हलक्या पायाने चालवताना ठिणगी कशीबशी पडायची. दमट हवा आणि लोड आला की करंटला ही बाहेरची वाट सोपी पडायची. अशी रेघ दिसली तर प्लग आणि नळी दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर जुन्यावरची रेघ नव्यालाही खराब करते. नळी सुटी मिळत असेल तर अख्खी कॉइल घ्यायची गरज नाही.

नवे प्लग गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचेच घ्या. गॅप, म्हणजे टोकातली फट, फीलर गेजने (फट मोजायच्या पट्ट्यांनी) मोजा. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात ती साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते, सीएनजीला बरेचदा ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. नक्की आकडा मॅन्युअलचा. प्लग बसवताना आधी पाना न लावता बोटांनी फिरवा. सहज फिरला नाही तर आटे तिरके लागलेत, काढा आणि पुन्हा लावा. हाताने टेकल्यावर नवा, वॉशरवाला प्लग साधारण अर्धा फेरा. जुनाच परत लावत असाल तर जेमतेम बाराव्या भागाएवढा. ताकद लावून आवळणाऱ्यांनी मोडलेले आटे दुरुस्त करायला कधीकधी हेड उतरवावं लागतं.

ठिणगी ठीक असेल तर हवा आणि इंधन

हवेची गळती शोधायला इंजिन स्लोला ठेवून इनटेक मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या भागाच्या) सांध्यांवर आणि लहान रबरी पाइपांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज क्षणभर बदलला की गळती तिथेच. काही जण कार्ब क्लीनर मारतात. तो पेट घेतो, गरम एक्झॉस्टजवळ मी कधीच वापरत नाही. ब्रेक बूस्टरला जाणारा जाड पाइप आणि ऑइलच्या वाफेचा पाइप दोन्ही टोकांना चिरलेत का तेही बघा, रबर कडक होऊन नेमकं तिथेच फाटतं.

अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिमचे आकडे दिसतात, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. स्लोला अधिक दहाच्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असतील तर हवेची गळती. उलट रेस वाढेल तसे आकडे वाढत असतील तर इंधन कमी पडतंय: फिल्टर किंवा पंप.

इंजेक्टरवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावा. चारही ‘टिकटिक’ सारखी ऐकू आली पाहिजे. गप्प असेल त्याचा कनेक्टर काढून मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. पेट्रोल इंजेक्टरला बहुधा ११ ते १६ ओहम येतात आणि चारांत फरक नसावा. आकडा बरोबर पण आवाज नाही, तर वायरिंग बघा. कनेक्टरमध्ये हिरवट गंज असतो.

सीएनजीचा लो-प्रेशर फिल्टर उघडला तर कधीकधी त्यातून काळं तेल निघतं. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबत आलेलं असतं. तो फिल्टर वेळेवर बदलला तर गॅस इंजेक्टर टिकतात. मात्र टाकीत २०० बारचा दाब असतो. टाकी ते रेग्युलेटर या पाइपाच्या एकाही नटाला घरी पाना लावायचा नाही, ते काम अधिकृत सीएनजी फिटरचंच.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

सीएनजीवर लाखभर किलोमीटर पळालेल्या पिकअपमध्ये ही शक्यता मी वर ठेवतो. सीएनजी कोरडा असतो, व्हॉल्व्हच्या सीटला पेट्रोलसारखा ओलावा मिळत नाही. सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट कमी होत जाते. टॅपेट वाजत नाहीत म्हणून चालक निर्धास्त असतो, आणि आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसतो. गरम इंजिन स्लोला मिसिंग, रेस दिली की ठीक, असं लक्षण दिसतं. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरून पाहा: पट्टी एकसारखी बाहेर उडाली पाहिजे. मध्येच आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा संशय पक्का. ज्या इंजिनात टॅपेट सेट करता येतात तिथे इंजिन थंड असताना फीलर गेजने फट तपासून घ्या.

कॉम्प्रेशन मोजायला गेज लागतं, ते भाड्याने किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडून मिळतं. सीएनजी टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद, सगळे प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, बॅटरी चार्ज, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. मग प्रत्येक सिलिंडरला सहा-सात फेरे सेल्फ मारा. छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय येतं, पण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. सगळ्यांत जास्त १८० असेल तर कुठलाही १५५च्या खाली नसावा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं सील). शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्या दोघांमधलं गॅस्केट गेलंय; कूलंट कमी होतंय का, पांढरा धूर येतो का, हेही पाहा. इथून पुढे हेड उतरवायचं काम, ते चांगल्या मिस्त्रीकडेच.

डिझेल पिकअप असेल तर

प्लगच्या ठिणगीचा प्रश्नच नाही. आधी डिझेल फिल्टरच्या तळाशी साठलेलं पाणी सोडा, मग लाइनमध्ये हवा घुसतेय का बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. जुन्या पंपाच्या गाड्यांत मिस्त्री चालू इंजिनवर एकेक इंजेक्टर पाइपाचा नट सैल करून मेलेला सिलिंडर ओळखायचे. कॉमन रेल इंजिनावर (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल मिळतं) हे कधीही करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो; त्या धारेने डिझेल कातडीतून आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. असं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा. कॉमन रेलला स्कॅनरवर इंजेक्टर करेक्शनचे आकडे (कुठल्या सिलिंडरचं इंधन किती कमी-जास्त केलंय ते) बघावेत. बऱ्याच गाड्यांत नव्या इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो, तो भरलाय का हे विचारून घ्या.

काम झाल्यावर

कोड पुसा. बरेच दिवस पेट्रोलवर मिसिंग चाललं असेल तर ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वर चढलेली असेल तर ऑइल बदला, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. मग चाचणी घ्या ती जिथे बिघडली होती तिथेच, तेवढाच माल भरून, त्याच इंधनावर. अंगणात स्लोला गुळगुळीत चालली म्हणून काम झालं असं धरू नका.

मी नवी नळी आणि चारही प्लग टाकून पुढच्याच खेपेला, टपऱ्यांवर ताडपत्र्या उडवणाऱ्या पावसात, सीएनजीवर माळशेज चढलो. दिवा लागला नाही. आठ दिवसांनी तीन नंबरचा प्लग पुन्हा काढून पाहिला: टोक बिस्किटाच्या रंगाचं, चिनी माती पांढरीशुभ्र. तेव्हा कुठे डॅशबोर्डच्या खणातल्या कागदावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले.